सर्टिफिकेट विकत घेऊ नका, उमेदवारीची जागा मागा

महादेवपुरा, हूडी, गरुडाचारपाळ्या, कुंदलहळ्ळी, काडुगोडी आणि व्हाइटफील्ड भागातल्या मराठी आईबापांसाठी, आणि बारावी किंवा पदवी होऊन घरी बसलेल्या त्यांच्या मुलामुलींसाठी हे पत्रक आहे. वाचून झालं की शेजारच्या घरी द्या.

बसस्टॉपच्या खांबांवर, पीजीच्या फाटकांवर, झेरॉक्सच्या दुकानात एकच जाहिरात चिकटलेली दिसते. ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशनचा डिप्लोमा, तीन महिने, शंभर टक्के नोकरी. फी पाच आकडी, हप्त्याने चालेल. सोलापूर, लातूर, बेळगाव, बीदरकडून इथे येऊन कुणी कॅब चालवतो, कुणी टेक पार्कच्या गेटवर बारा तास उभा राहतो, कुणी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटते. मुलांनी एसीत खुर्चीवर बसून काम करावं, एवढीच त्यांची इच्छा. त्या इच्छेचा हा बाजार मांडला आहे. भिशी मोडून, सोनं गहाण टाकून फी भरली जाते. तीन महिन्यांनी सोनेरी काठाचं सर्टिफिकेट मिळतं, ते लॅमिनेट करून फायलीत जातं, आणि मुलाखतीत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आमच्यातले काहीजण कंपन्यांच्या ॲडमिन आणि अकाउंट्स विभागांत वर्षानुवर्षं काम करतात, मुलाखतीही घेतात. असं का होतं ते आम्ही रोज बघतो. एक साधी चाचणी सांगतो. टेबलावर तीन कागद ठेवायचे. पहिला खरेदीचा आदेश, म्हणजे पीओ: खुर्च्या २०. दुसरं माल आल्याचं चलन, त्यावर खाली वॉचमनच्या अक्षरात लिहिलेलं: १८ मिळाल्या. तिसरं पुरवठादाराचं बिल: २० खुर्च्या, अधिक जीएसटी. उमेदवाराला विचारायचं, हे बिल पुढे पाठवाल का? डिप्लोमा घेऊन आलेली हुशार मुलगी कॅल्क्युलेटर काढते, बिलाची बेरीज करते आणि म्हणते, टोटल बरोबर आहे सर. बेरीज बरोबरच असते. तीन कागद एकमेकांशी लावून बघायचे असतात, हे तिला कुणी दाखवलेलंच नसतं. बिल थांबवायचं, गोडाउनला फोन करून दोन खुर्च्या मागून आल्या का ते विचारायचं, आल्या नसतील तर पुरवठादाराकडून क्रेडिट नोट मागायची, आणि हे सगळं कधी आणि कुणाशी बोललो ते लिहून ठेवायचं. एवढं जिला येतं, तिला आम्ही त्याच दिवशी ठेवून घेऊ. क्लासमध्ये मात्र तिने तीन महिने स्लाइडवर 'संवादकौशल्याचे सात प्रकार' पाठ केलेले असतात.

दोष मुलीचा नाही. हे काम वर्गात शिकवता येत नाही. ते चालू ऑफिसात, जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिकावं लागतं. महिन्याची ७ तारीख टीडीएस भरायची, ११ जीएसटीआर-१ ची, १५ पीएफ आणि ईएसआयची, २० जीएसटीआर-३बी ची. या तारखा कुणीही फळ्यावर लिहून देईल. पण १४ तारखेच्या संध्याकाळी दोन कामगारांचे यूएएन, म्हणजे पीएफचे नंबर, जुळत नाहीत, पोर्टल अडकलंय आणि साहेब विमानात आहेत, तेव्हा काय करायचं ते त्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही.

आपल्या जुन्या टायपिंग क्लासला आज लोक हसतात. आम्ही हसत नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यात पत्र्याच्या खोलीत खडखडणाऱ्या त्या मशिनींनी हजारो घरांना पहिली पगाराची नोकरी दिली. तो क्लास टिकला याचं कारण असं की शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा होता. क्लासचा मालक फी घ्यायचा, पण पास-नापास पुण्याची परीक्षा परिषद ठरवायची. मिनिटाला ३० शब्द, ४० शब्द. येतं तर येतं, नाही तर नाही. गोदरेजने १९५५ साली आणलेला आपला टाइपरायटर २००९ मध्ये बनणं थांबलं, मशिनी भंगारात गेल्या, तरी परिषदेची परीक्षा संगणकावर चालू राहिली, आणि लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जाहिरातीत मराठी ३० आणि इंग्रजी ४० ही अट आजही छापून येते. इथे कर्नाटकातही टायपिंग आणि शॉर्टहँडच्या परीक्षा राज्याचं परीक्षा मंडळ घेतं. आता खांबावरच्या जाहिरातीतला डिप्लोमा बघा. फी त्यांची, पेपर त्यांचा, तपासणारे तेच, शिक्का त्यांचाच. पैसे भरणारा तिथे नापास होणार तरी कसा?

आता जे या क्लासवाल्यांनी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, ते सांगतो. आपल्या देशात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे. हा कायदा फक्त फिटर-टर्नरसाठी आहे असा आपल्या लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने तो बिगर-तांत्रिक पदवीधरांनाही खुला झाला, आणि ऑफिसातल्या कामांनाही. २०१९ मध्ये ठरलं की ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसं आहेत, तिला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतील. या मोजणीत कंत्राटी माणसंही धरायची. म्हणजे ४०० माणसांच्या कंपनीत कमीत कमी १० जागा. आयटीपीएलपासून आउटर रिंग रोडपर्यंत काचेच्या इमारती मोजत जा, आणि त्यांतल्या माणसांची संख्या मनात धरा. कायदा नीट पाळला तर या एका महादेवपुऱ्यात किती मुलं उमेदवारीला बसतील!

आणि उमेदवारी फुकट नसते. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं. त्या नियमांत बारावीवाल्याला ७,०००, पदवीधराला ९,०००. त्यातला काही वाटा केंद्र सरकार उचलतं. मुलीकडे कर्नाटकच्या पत्त्याचं ओळखपत्र असेल तर २०२३ च्या जूनपासून बीएमटीसीच्या साध्या बसला तिला तिकीट नाही, म्हणजे विद्यावेतनाचे पैसे जवळपास सगळे घरी येतात. एका बाजूला सोनं गहाण ठेवून फी भरायची आणि दुसऱ्या बाजूला शिकता शिकता पैसे मिळवायचे, असे दोन रस्ते समोर आहेत, आणि आपण पहिल्याच रस्त्याला रांग लावतो.

मग या जागा दिसत का नाहीत? कारण त्या मागायला कुणी येत नाही आणि न भरल्याचं कुणाला फारसं दुखत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने बसवलेला दंड बघा: न भरलेल्या एका जागेमागे पहिले तीन महिने महिना ५०० रुपये, पुढे १,००० रुपये. २०१९ च्या दराने बारावीचा उमेदवार घेतला तर ७,००० द्यायचे, न घेतला तर ५००. कायद्याने स्वतःच कंपन्यांना पळवाट आखून दिली आहे. हा दंड विद्यावेतनापेक्षा जास्त असला पाहिजे, ही आमची उघड मागणी आहे. ज्या कंपन्या जागा भरतात, त्याही बहुतेक कोडिंग, चाचणी, कस्टमर सपोर्टच्या. रिसेप्शन, खरेदी, फॅसिलिटी, पगारपत्रक, प्रवासाची बुकिंगं, ही कामं मॅनपॉवर एजन्सीकडे दिलेली असतात आणि तिथे उमेदवारीचं नावही निघत नाही. पण कंत्राटी माणूस मोजणीत धरायचा असेल, तर त्याच्या कामाची उमेदवारीही द्यायला हवी. एचआरवाल्यांनो, याचं उत्तर द्या.

एक धोका सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. उमेदवारीच्या नावाखाली वर्षभर झेरॉक्स काढायला लावणाऱ्या जागाही असतात. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कायद्याने कंपनीवर नाही. म्हणून बसण्याआधी बघा की करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का. आवक-जावक, खरेदी, अकाउंट्स, पगार अशा निदान तीन-चार टेबलांवर फिरवणार का, ते लेखी घ्या. कुणी एजंट जागा मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. पदवीधरांनी नॅट्स या केंद्राच्या योजनेत नाव नोंदवावं. ती आता बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही खुली आहे, आणि दक्षिणेकडच्या राज्यांसाठी तिचं मंडळ चेन्नईत आहे.

आधी काही शिकायचंच असेल तर सरकारी दारं ठोठावा. आयटीआयमध्ये संगणक चालकाचा, म्हणजे कोपाचा, एक वर्षाचा कोर्स दहावीवर मिळतो. सचिवीय कामाचाही ट्रेड आहे. कर्नाटकच्या पॉलिटेक्निकमध्ये कमर्शियल प्रॅक्टिसचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, तो खरा डिप्लोमा. खाजगी कोर्स घेणारच असाल, तर त्याला एनसीव्हीईटी या केंद्राच्या परिषदेची मान्यता आहे का, आणि परीक्षा बाहेरचा माणूस घेतो का, हे दोनच प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला की उठून या. टॅली शिका. ती याच बेंगळुरूची, १९८६ पासूनची, आणि इथल्या छोट्या ऑफिसांत ती तुम्हाला जागोजागी भेटेल. एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवता आल्या आणि चार ओळींचं स्वच्छ इंग्रजी पत्र लिहिता आलं, तर सुरुवातीला पुरे.

आणि कन्नड शिका. यावर आपल्यातले काहीजण नाक मुरडतात, म्हणून स्पष्ट लिहितो. फ्रंट ऑफिसला लाइनमन येतो, पालिकेचा माणूस येतो, पोलीस व्हेरिफिकेशनचा हवालदार येतो, पाण्याच्या टँकरवाल्याचा फोन येतो. कन्नड वाचता-बोलता येणारी मराठी मुलगी त्या खुर्चीवर दुप्पट मोलाची ठरते. २०२४ च्या जुलैत राज्य मंत्रिमंडळाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं आणि गदारोळ होताच ते थांबवलं. ते उद्या पुन्हा येवो न येवो, ज्या गावात आपण जगतो त्याची भाषा आपल्या मुलांना यायला हवी. घरात मराठी राहीलच, ती आपण राखली तर.

शेवटी आपल्याच घरातला एक शब्द: कारकुंडा. पोरगा ॲडमिनमध्ये लागला म्हटलं की काका-मामा तोंड वाकडं करतात, शेवटी कारकुंडाच ना. हे बोलणारे चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, दफ्तरदार ही आडनावं अभिमानाने मिरवणाऱ्या मुलखातले आहेत. बाळाजी आवजी शिवछत्रपतींचे चिटणीस होते. पेशवे दफ्तरातले मोडीचे रुमालच्या रुमाल कुणीतरी रोज बसून लिहिले, तारीख टाकून बांधले, म्हणून आज आपल्याला आपला इतिहास वाचता येतो. राज्य चालवायला जी कामं लागली, ती कमी दर्जाची कशी झाली?

'आता हे सगळं एआय करेल' असंही ऐकू येतं. पत्र लिहून देईल, बेरीज करेल, मीटिंगचं टिपण काढेल. तेवढंच येणाऱ्या माणसाची नोकरी खरोखर जाईल, आणि खांबावरचे डिप्लोमा नेमके तेवढंच शिकवतात. वॉचमनने चलनावर लिहिलेल्या १८ वर बोट ठेवून गोडाउनला फोन लावणारा माणूस मात्र लागणार आहे.

ज्या मराठी माणसांच्या हातात हे पत्रक ऑफिसात पडेल, त्यांना एक काम सांगतो. येत्या सोमवारी आपल्या एचआरला मेल लिहा आणि तीन गोष्टी विचारा: आपल्याकडे कंत्राटी धरून माणसं किती, शिकाऊ उमेदवार किती, आणि त्यांतले ऑफिसच्या कामाला किती. उत्तर आलं की त्यातला आकडा आपल्या गल्लीतल्या बारावी झालेल्या मुलामुलींना सांगा, आणि त्यांचा अर्ज भरायला त्यांच्या शेजारी बसा.

— महादेवपुऱ्यात राहणारे, ऑफिसांत काम करणारे काही मराठी आईबाप