प्रदर्शनात फोटो विकायचाय? आधी गिऱ्हाइकाच्या घराची भिंत बघा!



मागच्या आठवड्यात आमच्या बॅचमधला एक मुलगा दुकानात आला. लग्नाच्या ऑर्डरी करतो, हात चांगला आहे. सातमाळा रांगेतल्या किल्ल्यांचे पावसाळ्यातले फोटो तर असे काढतो की बघतच राहावं. म्हणाला, "ताई, मुंबईत एका आर्ट फेअरला स्टॉल घेतो. पतसंस्थेतून पन्नास हजार काढतो आणि तीस मोठ्या फ्रेम बनवतो. करू ना?"

मी म्हटलं, "नको." त्याचा चेहराच पडला. पण असे बरेच जण विचारतात, म्हणून त्या 'नको'मागचा हिशोब आज इथे मांडते.

ही चूक मी स्वतः केलीय. चांदवडला माझं फोटो फ्रेमिंगचं दुकान. बीबीए झालेलं, त्यामुळे आपल्याला धंदा कळतो असा समज! नाशिकला एका प्रदर्शनात दोन दिवसांचा स्टॉल घेतला. १६ बाय २४ इंचाच्या २५ फ्रेम नेल्या. एक फ्रेम मला ९०० रुपयांना पडली, विकायची १,८०० ला. म्हणजे मालात अडकले २२,५००. स्टॉलचं भाडं, गाडी, जेवण, मदतीला एक पोरगा, हे ५,००० वेगळे.

विकल्या किती? तीन. सुटले २,७००, खर्च ५,०००. खिशातून गेले २,३०० आणि १९,८०० च्या फ्रेम टेम्पोत घालून परत आणल्या.

गर्दी नव्हती असं नाही. लोक थांबायचे, "भारी फोटो!" म्हणायचे, मोबाईलवर त्याचाच फोटो काढून पुढे जायचे. शेवटी एक काकू म्हणाल्या, "छान आहे गं, पण एवढा मोठा लावू कुठे? आणि हा डोंगर कुठला?" बीबीएच्या तीन वर्षांत शिकले नाही ते काकूंनी अर्ध्या मिनिटात शिकवलं. मी माझा फोटो बघत होते, त्या त्यांची भिंत बघत होत्या.

बरेच फोटोग्राफर म्हणतात, "आपल्याकडे लोक प्रिंट विकतच घेत नाहीत." मला हे अजिबात पटत नाही. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची मूळ तैलचित्रं राजवाड्यात लागायची, पण छापलेली लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांत पोहोचली. तो कॅमेऱ्याचा फोटो नव्हता, पण धंदा प्रिंटचाच ना? आजही नवरात्रात आपल्या रेणुकामातेच्या यात्रेत बघा. देवीचा फोटो घेऊन माणूस घरी जातो. का? साईज भिंतीला बसते, भाव खिशाला बसतो आणि त्या जागेशी त्याचं नातं असतं.

पुढच्या वर्षी मी याच तीन गोष्टी धरल्या. ८ बाय १२ चा प्रिंट, पुठ्ठ्याचा माउंट, पारदर्शक पाकीट, फ्रेम नाही. खर्च ९०, विक्री २५०. सोबत पोस्टकार्ड साईज, खर्च ८ रुपये, शंभराला चार. विषय आपल्याच भागातले: रंगमहाल, इंद्राई, कांद्याचं मार्केट, घाटातला पाऊस. प्रत्येक प्रिंटमागे मराठीत दोन ओळी, जागा कुठली आणि फोटो कधीचा.

खर्च तेच ५,०००. मोठे प्रिंट ४१ गेले, त्याचे ६,५६० सुटले. पोस्टकार्डं ६० गेली, त्याचे १,०२०. खर्च वजा जाता हातात २,५८०. श्रीमंत झाले का? नाही. पण कर्ज नाही, माल अडकला नाही आणि नंतर चार जण फ्रेम करायला दुकानात आले. त्यातले दोघं मूळचे चांदवडचे, आता नाशिकला राहणारे. गाव सुटलेल्या माणसाला गावाचा फोटो लागतो, हे लक्षात ठेवा.

कोणी म्हणेल, "ताई, मग कलेचं काय?" तुमचा सगळ्यात आवडता फोटो मोठा करून स्टॉलवर मधोमध लावाच. लोक त्याच्यासाठीच थांबतात. पण असा एकच लावा, बाकीचे ऑर्डर आल्यावर बनवा.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी एक कायद्याची गोष्टही समजून घ्या. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्या फोटोचा पहिला मालक तो ग्राहक असतो. नवरीचा फोटो कितीही सुंदर आलेला असो, तिला न विचारता स्टॉलवर लावू नका. मार्केटमधल्या आजोबांचा फोटो विकणार असाल तर तेही आधी विचारा आणि एक प्रिंट त्यांच्या हातात द्या. इमारतीचा फोटो काढायला कॉपीराइट आड येत नाही, पण मंदिर किंवा वाड्याचे स्वतःचे नियम असतात, ते पाळा.

मुंबईला जाऊच नका असं मी म्हणत नाही. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवाला जरूर जा. पण पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून. दिवसभर फिरा आणि लोक काय बघतात यापेक्षा पिशवीत काय घेऊन जातात ते लिहून काढा. एका तिकिटात एवढं शिक्षण कुठे मिळणार?

त्या मुलाला मी सांगितलं, पन्नास हजार राहू दे, पाच हजारांत सुरू कर. गावातल्याच एखाद्या कार्यक्रमात टेबल लाव. तो निघाला तेव्हा नाराजच होता. परवा फोन आला, "ताई, माउंटचा पुठ्ठा कुठे मिळतो?"

तुमचा गृहपाठ: तुमचे दहा फोटो निवडा. प्रत्येकासमोर लिहा, हा कोणाच्या घरात, कुठल्या भिंतीवर लागेल? उत्तर आलं नाही तर तो फोटो अल्बममध्ये ठेवा. आणि किती प्रिंट विकल्यावर स्टॉलचा खर्च निघतो ते काढा. माझे ८ बाय १२ चे ३२ होते. तुमचे किती?

भेटूया पुढच्या व्हिडिओत!