परदेशाच्या उंबरठ्यावर

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्रीच्या सुमारास गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. वजनकाट्यापासून थोड्या अंतरावर साठीपुढचे एक जोडपे बॅग उघडून बसलेले असते. वजन मर्यादेपेक्षा जास्त भरलेले असते आणि मेतकूट काढावे की भाजणी, यावर हलक्या आवाजात वाद चाललेला असतो. दोन पिढ्यांपूर्वी परदेशगमन हे बॅरिस्टरांचे, संशोधकांचे किंवा मोठ्या व्यापाऱ्यांचे भाग्य मानले जाई. आज बँकेतून निवृत्त झालेला कारकून आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा मुलाचे नवे घर पाहण्यासाठी अमेरिकेला निघतात. ही आनंदाची गोष्ट आहे.

या प्रवासाची तयारी महिनोन्‌महिने चालते. स्वेटर घेतले जातात, आरोग्य विमा काढला जातो, गुडघ्यांसाठी व्हीलचेअर सांगितली जाते. मात्र परक्या भूमीवर पाऊल ठेवताच ज्या दोन टेबलांना सामोरे जावे लागते, त्या इमिग्रेशनची आणि कस्टम्सची तयारी कोणीच करून घेत नाही. उलट सोसायटीच्या बाकावर जे सल्ले मिळतात ते असे असतात: ‘विचारले तरच सांगा’, ‘लोणचे कपड्यांच्या आत गुंडाळा’, ‘त्यांना काय कळते आपले पदार्थ!’ हे सल्ले देणारी माणसे अप्रामाणिक नसतात. घरी ती पै-पैचा हिशेब चोख ठेवतात. तरीही हे सल्ले चुकीचे आहेत, धोक्याचे आहेत आणि आपल्याला न शोभणारे आहेत, हे स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे.

व्हिसा म्हणजे प्रवेश नव्हे

पहिला गैरसमज व्हिसाविषयीचा. पारपत्रावर दहा वर्षांचा व्हिसा चिकटला की दहा वर्षांचा परवाना मिळाला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः अमेरिकेचा व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत येऊन प्रवेश मागण्याची अनुमती. दार उघडायचे की नाही आणि किती दिवसांसाठी, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो. पर्यटक म्हणून गेलेल्यास सामान्यतः सहा महिने मिळतात. ती मुदत आय-९४ या नोंदीत लिहिलेली असते. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून ही नोंद संगणकावर असते आणि अधिकृत संकेतस्थळावर ती पाहता येते. मुलाच्या घरी पोहोचल्यावर चहा झाला की पहिले काम ही तारीख पाहून वहीत लिहून ठेवण्याचे. ‘व्हिसा तर अजून आठ वर्षे आहे’ या समजुतीवर मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास तो व्हिसा बाद होतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाले तर तीन वर्षे आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक झाले तर दहा वर्षे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नातवाची मुंज व्हिडिओवर पाहण्याची पाळी अशा निष्काळजीपणातून येते.

बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. मग प्रश्न येतात. का आलात, कोणाकडे राहणार, किती दिवस, परतीचे तिकीट आहे का? प्रश्न साधे असतात. उत्तरे मात्र आपण आपल्या घरगुती भाषेत देतो. माझ्या परिचयातील एक निवृत्त मुख्याध्यापक पहिल्यांदाच तेथे गेले. प्रयोजन विचारताच त्यांनी सरळ सांगितले, “सुनेची नोकरी आहे, नातवाला सांभाळायला आलो.” त्यांना आतल्या खोलीत बसवण्यात आले. दोन तास प्रश्नोत्तरे झाली. बाहेर मुलगा कासावीस झाला होता. अखेर प्रवेश मिळाला, पण त्या दोन तासांची धास्ती पुढे महिनाभर गेली नाही.

गुरुजी खोटे बोलले नव्हते. आपल्याकडे ‘सांभाळणे’ हा मायेचा शब्द आहे. तेथे मुले सांभाळणे हा व्यवसाय आहे आणि पर्यटक व्हिसावर कामाला मनाई आहे. मुलाला भेटायला आलो आहोत, त्याच्या कुटुंबासमवेत चार महिने राहणार आहोत, अमुक तारखेला परत जाणार आहोत, हेही सत्यच होते आणि अधिक नेमके सत्य होते. मात्र येथे मुलांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. पाळणाघराचा खर्च वाचावा म्हणून सहा महिने आईवडील आणि सहा महिने सासूसासरे, अशी पाळी लावली जात असेल, तर उत्तर कितीही पढवले तरी आईवडिलांना अधिकाऱ्यासमोर अडचणीत उभे करणारे कोण, याचा विचार त्यांनी करावा.

इंग्रजी अडखळत असेल तर लाजू नये. दुभाषा मागावा. न समजलेल्या प्रश्नाला ‘येस, येस’ म्हणणे हे सर्वांत वाईट. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची अमेरिकी तपासणी अमेरिकेत नव्हे, तर २०१४ पासून अबू धाबीतच होते. तेव्हा कागदपत्रे मोठ्या बॅगेत न ठेवता हातातील पिशवीत असावीत.

एका पानाची किंमत

इमिग्रेशन संपले, बॅगा आल्या, की कस्टम्स. खरी परीक्षा येथे असते, कारण येथे आपल्या भावना बॅगेत भरलेल्या असतात. आईने वाळवलेली सांडगी मिरची, शेतातला आंबेमोहोर, देवघरातील तुळशीची माळ. अधिकारी विचारतो, “खाण्याचे काही आहे?” आणि तोंडातून नकळत ‘नाही’ निघते.

अमेरिकेत नियम असा आहे की, जे आहे ते सांगावे. सांगितलेली वस्तू चालत असेल तर ती मिळते, चालत नसेल तर टाकून दिली जाते. त्यापलीकडे सहसा काही होत नाही. लपवलेली वस्तू सापडली तर दंड होतो. अनेक ठिकाणी आता कागदी पत्रक भरावे लागत नाही, तोंडीच विचारतात. पण तोंडी उत्तर हेही घोषणाच असते. ऑस्ट्रेलिया तर याबाबत अधिकच कडक आहे. तेथे जैवसुरक्षेचा नियम मोडल्याबद्दल पर्यटकाचा व्हिसा जागीच रद्द होऊ शकतो. पेढे-बर्फीसारखी दुधाची मिठाई तेथे नेता येत नाही. रुद्राक्ष हे बी आणि तुळशीची माळ हे लाकूड. म्हणून त्यांचीही घोषणा करावी लागते. त्यात श्रद्धेचा उपमर्द नाही. ख्रिस्ती माणसाच्या लाकडी क्रूसालाही तोच नियम आहे.

‘एवढ्याशा कढीपत्त्याने काय होणार?’ असे आपण म्हणतो. काय होते ते फ्लोरिडाला विचारावे. लिंबूवर्गीय झाडांवर एक बारीक किडा जगतो आणि कढीपत्ता हे त्याचे आवडते झाड. फ्लोरिडात हा किडा १९९८ साली आढळला आणि त्याच्यामार्फत पसरणारा रोग २००५ साली. तेव्हापासून त्या राज्याचे संत्र्यांचे उत्पादन मुख्यतः या रोगामुळे नव्वद टक्क्यांहून अधिक घटले आहे. बागाच्या बागा उजाड झाल्या. तांदळाचेही तसेच. खापरा नावाचा किडा धान्याची पोती पोखरतो. तो जेथे आढळतो त्या देशांतून प्रवाशाने सामानात तांदूळ आणण्यास अमेरिकेने मनाई केली आहे आणि आपला देश त्यांत मोडतो. ब्रिटनमध्ये २००१ साली गुरांच्या लाळ-खुरकुताची साथ आली, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात एक अनोळखी रोप प्रथम दिसले. आयात धान्याबरोबर ते आले असे मानले जाते. आज त्या गाजरगवताने महाराष्ट्रातील बांध, पडीक जमिनी आणि रेल्वेच्या कडा व्यापल्या आहेत. अंगाला खाज आणि दमा देऊन ते वर उभेच आहे. ज्या प्रांताने परक्या बियांचा हा ताप सोसला, त्यातील माणसाने दुसऱ्याच्या शेताचे भय समजून घ्यावे. आपला हापूसही अमेरिकेत जातो. पण २००७ पासून तो लासलगावसारख्या केंद्रात किरणप्रक्रिया होऊन, तपासून जातो. टॉवेलात गुंडाळून नव्हे.

दुसऱ्याची पिशवी

आखाती देशांत किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखशीची विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे ती अनारशावर लावतात. तेथे ती अफूच्या बोंडातली म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. दुबईला दिवाळीचा डबा नेणाऱ्या आईच्या मनातही हे येत नाही. खोकल्याच्या आणि वेदनाशामक काही औषधांनाही संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगी लागते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

सर्वांत मोठा धोका मात्र आपल्या भिडस्तपणाचा आहे. ‘एवढे पुडके आमच्या मंदीला द्या, विमानतळावर कोणी तरी घ्यायला येईल.’ शेजाऱ्याला नाही म्हणवत नाही. २०१९ साली मुंबईच्या एका दांपत्याला नातेवाइकाने दिलेल्या सामानात अमली पदार्थ सापडल्यावरून कतारमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती; मूल तुरुंगात जन्मले. निरपराधित्व सिद्ध होऊन सुटका व्हायला २०२१ उजाडले. तेव्हा जे स्वतः उघडून पाहिले नाही आणि स्वतःच्या हाताने भरले नाही, ते नेऊ नये. शेजारी दोन दिवस रुसेल. रुसू द्यावे.

परतताना

पैशाबाबत हेच सूत्र आहे. अमेरिकेत किती रक्कम न्यावी यावर बंधन नाही. दहा हजार डॉलरपेक्षा अधिक असेल तर सांगावे लागते आणि एकत्र जाणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरली जाते. भारतात परतताना परकीय नोटा पाच हजार डॉलरहून अधिक, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून दहा हजारांहून अधिक असतील, तर घोषणा आवश्यक आहे.

नातेवाइकांच्या लग्नासाठी अंगावर दागिने घालून जाणाऱ्या भगिनींनी निघण्यापूर्वी आपल्या विमानतळावरील कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. नाही तर आजीच्या पाटल्या ‘परदेशातून आणलेले सोने’ ठरू नयेत म्हणून परतताना वाद घालावा लागतो. आणि करपात्र वस्तू जवळ असताना हिरव्या मार्गाने निघणे म्हणजे न बोलता केलेली खोटी घोषणाच. ‘आपल्याच देशात कसली लाज’ असे म्हणणाऱ्याने ध्यानात घ्यावे की, बुडवलेला कर आपल्याच तिजोरीचा असतो. सवलतीच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात. निघण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

अपमान कशात आहे?

‘गुन्हेगारासारखे प्रश्न विचारतात, हा अपमान नाही का?’ हा प्रश्न अनेक स्वाभिमानी ज्येष्ठ विचारतात. उद्धट अधिकारी भेटतात, हे खरे आहे. २०११ साली न्यूयॉर्कच्या विमानतळावर माजी राष्ट्रपती डॉ. कलाम यांचे जाकीट आणि बूट तपासणीसाठी नेण्यात आले. आपल्या सरकारने निषेध केला आणि अमेरिकेने क्षमा मागितली. निषेध सरकारने करावा, तो योग्यच होता, डॉ. कलामांनी स्वतः मात्र तेथे तमाशा केला नाही. त्यामुळे त्यांची उंची कमी झाली नाही.

आपल्या देशाच्या सीमा राखल्या जाव्यात, कोण येतो कोण जातो याची नोंद असावी, असा आग्रह आपण धरतो. तोच आग्रह दुसऱ्या राष्ट्राने धरला तर त्यात आपला अपमान कसा? मान खाली घालून घाबरत उत्तरे देऊ नयेत, तशीच अरेरावीही करू नये. विचारलेले ऐकावे, खरे तेवढे आणि नेमके सांगावे, पुढे चालावे. खरा अपमान प्रश्नांत नसतो. तो कपड्यांच्या घडीतून लपवलेले पुडके बाहेर निघते, त्या क्षणी असतो. आणि तो एकट्याचा नसतो. मागच्या रांगेत त्याच पारपत्राची आणखी चार माणसे उभी असतात. त्यांच्या बॅगा मग अधिक वेळ उघडल्या जातात.

बॅग भरताना म्हणून एक यादी करावी. खाण्याची प्रत्येक वस्तू त्यात लिहावी आणि ती यादी पारपत्रासोबत ठेवावी. अधिकाऱ्याने विचारले की ती समोर धरावी. फार तर लोणच्याची एक बरणी तेथे राहील. लेकीला तुमच्या हातचे लोणचे हवेच असेल, तर कैऱ्या तेथेही मिळतात आणि हात तर तुम्ही बरोबर नेलेलेच असतात.