स्पर्शावर पहारा, श्वासाला मोकळीक

साथीच्या काळात राज्यकारभार एका शब्दाभोवती फिरू लागतो. तो शब्द म्हणजे 'अत्यावश्यक'. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि या शब्दाच्या आत कोण, बाहेर कोण, यावर कोट्यवधी लोकांचे दैनंदिन जीवन ठरू लागले. दूध आत, चहाची टपरी बाहेर. औषधांचे दुकान आत, कापडाचे बाहेर. या वाटणीत एक व्यवसाय मात्र उंबरठ्यावरच अडकून पडला. रुग्णालयांतील फिजिओथेरपिस्ट करोना कक्षांत रुग्णांना पालथे झोपवून त्यांचा श्वास सुकर करण्याच्या कामाला जुंपले गेले होते; त्याच वेळी वस्तीतल्या फिजिओथेरपीच्या बहुतेक दवाखान्यांची शटर खाली होती. एकाच पदवीच्या दोन माणसांपैकी एक 'करोना योद्धा' आणि दुसरा घरी बसलेला, ही विसंगती तेव्हाच्या गदारोळात फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. आज ती तपासायची ती एवढ्याचसाठी की, पुढच्या साथीकरिता तिचे उत्तर आपण अजूनही लिहून ठेवलेले नाही.

मुभा होती, पण कोणाला?

कागदावर पाहिले तर या दवाखान्यांवर सरसकट बंदी नव्हती. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या १५ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णालये, शुश्रूषागृहे आणि दवाखाने यांना काम करण्याची मुभा होती. १ मे रोजीच्या आदेशाने तर लाल क्षेत्रातही, प्रतिबंधित विभाग वगळता, बाह्यरुग्ण विभाग व दवाखाने सुरक्षित अंतर राखून चालविण्यास परवानगी दिली. पासष्ट वर्षांवरील नागरिकांनी घरीच राहावे असे सांगताना त्याच आदेशाने आरोग्याच्या कारणासाठी बाहेर पडण्याचा अपवादही केला होता. इतके करूनही खासगी दवाखाने उघडेनात, तेव्हा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रीय गृहसचिवांना राज्यांकडे पत्र पाठवून ते सुरू होतील याची दक्षता घ्या, असे सांगावे लागले.

मग अडले कोठे? आदेशात 'दवाखाना' हा शब्द होता. फिजिओथेरपी त्यात गृहीत धरायची होती. जेथे नाव घेतलेले नसते, तेथे अर्थ लावण्याचे काम साखळीतील शेवटच्या कडीवर येऊन पडते. नाकाबंदीवरचा हवालदार, प्रभाग कार्यालयातील कर्मचारी, गृहनिर्माण संस्थेचे सचिव, असे सारेच मग कायद्याचे भाष्यकार होतात. त्यांच्या मनातले या उपचाराचे चित्र हात-पाय दाबून देण्याचे, म्हणजे डॉक्टरपेक्षा मसाज करणाऱ्याच्या अधिक जवळचे. लाल क्षेत्रात केशकर्तनालये आणि स्पा बंद ठेवण्याचे कलम त्याच आदेशात असल्यामुळे या गैरसमजाला आयताच आधार मिळाला.

त्याहून मोठी अडचण 'सुरक्षित अंतर राखून' या चार अक्षरी वाटणाऱ्या सोप्या अटीची होती. गोठलेला खांदा सहा फुटांवरून हलविता येत नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पहिले पाऊल टाकायला शिकवायचे, तर त्याच्या कमरेला हात द्यावाच लागतो. म्हणजे परवानगी मिळाली, पण उपचाराच्या मूळ स्वरूपालाच छेद देणाऱ्या अटीसह. दूरचित्रसंवादाचा पर्याय होता खरा; परंतु २५ मार्च २०२० रोजीच प्रसृत झालेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय वैद्यक परिषद कायद्याखाली नोंदलेल्या डॉक्टरांपुरती होती. फिजिओथेरपिस्ट त्या चौकटीत नव्हते. त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर व्यायाम शिकविले, पण रुग्णाची संमती, नोंदी, शुल्क आणि काही बिघडल्यास जबाबदारी कोणाची, याचे नियम त्यांच्यासाठी कोणी लिहिले नव्हते.

थांबणे सर्वांना सारखे परवडत नाही

दवाखाने बंद ठेवावेत असे म्हणणाऱ्यांची बाजूही लंगडी नव्हती, हे मान्य करावे लागेल. डॉक्टरांची तपासणी पाच-दहा मिनिटांत उरकते. फिजिओथेरपीचे एक सत्र अर्धा ते पाऊण तास चालते आणि तेवढा वेळ दोन माणसांचे चेहरे हातभर अंतरावर असतात. रुग्णांत वृद्ध, मधुमेही आणि हृदयविकाराचे अनेक. उपचार करणारा माणूस मात्र एकच, आणि तो दिवसभरात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणारा. संसर्गाला याहून सोयीचा पूल कोणता? मास्क आणि संरक्षक पोशाखांची टंचाई असताना सुरुवातीचे काही आठवडे थांबणे शहाणपणाचेच होते.

प्रश्न आहे तो त्यानंतरच्या महिन्यांचा. 'फिजिओथेरपी पुढे ढकलता येते' हे विधान काही रुग्णांच्या बाबतीत खरे आणि काहींच्या बाबतीत घातक आहे. बैठ्या कामामुळे दुखणारी पाठ दोन महिने थांबू शकते. पडद्यावरून शिकविलेल्या व्यायामाने ती बरीही होऊ शकते. मात्र गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने पहिल्या काही आठवड्यांत तो वाकविला नाही, तर आतील व्रणऊती घट्ट होतात आणि कधी कधी भूल देऊन तो पुन्हा वाकवावा लागतो. हाताच्या बोटांचे तुटलेले स्नायुबंध जोडल्यानंतरची अवस्था अधिकच नाजूक. हालचाल जास्त झाली तर जोड तुटतो आणि मुळीच झाली नाही तर तो आजूबाजूला चिकटतो. पक्षाघातानंतर हरवलेली हालचाल परत मिळण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. भाजलेल्या त्वचेचे व्रण सांध्यांना ओढू लागतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची हाडे टाळेबंदीतही वाढतच असतात आणि ताठर स्नायू त्यांच्याबरोबर वाढत नाहीत. अशा रुग्णांच्या बाबतीत 'नंतर पाहू' हा शब्दप्रयोग फसवा आहे. तो निर्णय पुढे ढकलणे नसून, न सांगता घेतलेला आणि बहुधा न फिरविता येणारा निर्णय असतो.

ज्या मुंबईत हे घडले, त्या मुंबईला तरी याचे विस्मरण व्हायला नको होते. आपल्या देशातील फिजिओथेरपीचे पद्धतशीर शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी येथेच, केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. आणि त्यामागचे निमित्त होते पोलिओची साथ. लुळे पडलेले पाय घेऊन वाचलेल्या मुलांचे पुढे काय करायचे, या प्रश्नातून ही विद्या येथे रुजली. जी विद्या एका साथीची गरज म्हणून आली, ती दुसऱ्या साथीत चैनीच्या रांगेत उभी केली गेली.

शत्रू हात नव्हता

दवाखाने पुन्हा उघडू लागले तेव्हा त्यांचे सारे लक्ष स्पर्शावर होते. खाटा पुसल्या जात, चादरी दर रुग्णागणिक बदलल्या जात, हातमोजे चढविले जात, दाराशी तापमान मोजले जाई. यात चूक दवाखान्यांची नव्हती. त्यांना तसेच सांगितले गेले होते. मार्च २०२० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटना हा विषाणू हवेतून पसरत नाही असे ठासून सांगत होती. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घ्या, असा आग्रह धरला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाला एकदा स्पर्श केल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणत: दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे नमूद केले.

याचा अर्थ आपल्या शहरांतील दवाखान्यांपुरता नीट समजून घ्यायला हवा. मुंबई-पुण्यातील अशा दवाखान्याचे रूप ठरलेले असते. इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा, पडद्यांनी पाडलेले तीन-चार कप्पे, बंद खिडक्या आणि वातानुकूलन यंत्र. शेजारच्या कप्प्यात धापा टाकत व्यायाम करणाऱ्या माणसाचा उच्छ्वास पडदा अडवीत नाही. म्हणजे आपण निर्जंतुक केले ते हात आणि कोंडून ठेवला तो श्वास! धुतलेला हात धोक्याचा नव्हता; धोका होता तो अर्धा तास एकाच बंद हवेत राहण्याचा. हे उमगले असते तर उपायही स्वस्त होता. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, एका वेळी एकच रुग्ण, दोन सत्रांत मोकळा वेळ, प्रतीक्षा दाराबाहेर आणि दोघांच्याही तोंडावर घट्ट बसणारा चांगला मास्क. खोकला निघेल असे छातीचे उपचार तेवढे वेगळे काढून रुग्णालयात नेता आले असते.

दार उघडले, रस्ता बंद

दवाखाना उघडणे आणि रुग्ण तेथे पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईची लोकल १५ जून २०२० पासून धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्य प्रवाशांना ठराविक वेळांत का होईना, पण तीत पाऊल ठेवता आले ते १ फेब्रुवारी २०२१ पासून. डोंबिवलीहून दादरला आठवड्यातून तीनदा उपचारासाठी येणाऱ्या माणसाला मधल्या काळात रस्त्याने येण्याचा खर्च झेपणार होता काय? घरी येऊन उपचार करणाऱ्यांना अनेक गृहसंकुलांनी फाटकावरच रोखले. शिवाय आपल्याकडे बहुतेक आरोग्यविमा योजना बाह्यरुग्ण फिजिओथेरपीचा खर्च उचलत नाहीत. तो रुग्णाच्या खिशातूनच जातो. पगार कापला गेलेल्या घरात पहिली कात्री कशाला लागते, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

याच काळात राज्यात २८ जून २०२० पासून केशकर्तनालये उघडली आणि २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, व्यायामशाळा. त्यांच्या संघटनांनी मागणी लावून धरली, सरकारने तारीख दिली, कार्यपद्धती दिली. फिजिओथेरपीला तारीख मिळाली नाही, कारण कागदावर ती कधी बंदच नव्हती. बंदी नसल्यामुळे ती उठविण्याची घोषणा नाही, आणि घोषणा नसल्यामुळे रुग्णाच्या मनातली भीतीही उठत नाही, असा हा पेच होता.

यादी नको, निकष हवा

इतरत्र काय झाले? इंग्लंडच्या २६ मार्च २०२० च्या नियमांत दंतवैद्य, चष्मेतज्ज्ञ, पायांचे उपचारक, ऑस्टिओपॅथ आणि 'इतर वैद्यकीय वा आरोग्य सेवा' यांना सुरू राहण्याची मुभा स्पष्ट शब्दांत होती. कायद्याने दार उघडे ठेवले आणि फिजिओथेरपिस्टांच्या व्यावसायिक संस्थेने सदस्यांना सांगितले की, आधी दूरस्थ उपचार करा, गरज पटली तरच प्रत्यक्ष भेटा. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने याच्या उलट्या टोकाने सुरुवात केली. १९ मार्चच्या निर्देशानुसार अत्यावश्यक नसलेले उपचार थांबविले गेले आणि २६ मे रोजी ते टप्प्याटप्प्याने सुरू करण्यास संमती मिळाली. पण त्या निर्देशाने कोणता उपचार अत्यावश्यक, याची यादी दिली नाही. त्याने तत्त्वे दिली: साधनांशी प्रमाणबद्धता, रुग्णाची कमीत कमी हानी, समन्याय आणि ज्यांच्यावर जास्त भार पडेल त्यांच्याविषयीची परस्पर जबाबदारी. निर्णय उपचार करणाऱ्याच्या विवेकावर सोपविला आणि त्या विवेकावर लक्ष ठेवायला वैधानिक नियामक संस्था होती.

आपल्याकडे नेमका हाच दुवा निखळलेला आहे. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ सालचा. साथ सुरू असतानाच केंद्राने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात फिजिओथेरपीला स्वतंत्र स्थान दिले. मात्र त्याच्या अंमलबजावणीची गती अशी की, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये या व्यवसायाची देशभर चर्चा झाली ती कशावरून? तर फिजिओथेरपिस्टांनी नावामागे 'डॉ.' लावावे की नाही यावरून. आरोग्यसेवा महासंचालनालयाने एके दिवशी पत्र काढले आणि दुसऱ्या दिवशी मागे घेतले. उपाधीसाठी दोन्ही बाजू जितक्या त्वेषाने उभ्या राहिल्या, तितक्या त्वेषाने, साथीत आपल्या रुग्णांचे काय करायचे याचा आराखडा मात्र कोणी मागितला नाही.

असा आराखडा करणे अवघड नाही. रुग्णांचे तीन गट पुरेसे आहेत: ज्यांना थांबता येईल, ज्यांना पडद्यावरून शिकविता येईल आणि ज्यांच्यासाठी हात लागलाच पाहिजे. तिसऱ्या गटात कोण, हे आजच ठरवून ठेवता येते. सरकारी आदेशात या सेवेचे नाव घ्यायचे, घरभेटींसाठी ओळखपत्र मान्य करायचे, दूरस्थ उपचारांचे नियम लिहायचे आणि दवाखान्याची परीक्षा खाट किती चकचकीत यावरून न करता हवा किती खेळती यावरून करायची. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही आणि एकही गोष्ट साथ आल्यावर घाईने करण्यासारखी नाही.

२०२० मध्ये अज्ञान ही सबब चालून गेली, कारण ते सर्वांचेच होते. विषाणू कसा पसरतो हे आता ठाऊक आहे, थांबण्याची किंमत कोणी मोजली हेही ठाऊक आहे. पुढच्या वेळी एखाद्या वृद्धेचा गुडघा कायमचा आखडला, तर ती नियतीची करणी म्हणून सोडून देता येणार नाही. तो कारभाराचा हलगर्जीपणा ठरेल.