जुनं यंत्र, नेमका बिट
सुतारकामाचं जुनं यंत्र घेणाऱ्याची नजर आधी रंगावर जाते. जायला हवी ती बेअरिंगवर. हान्स गोल्डश्मिट यांचं ‘शॉपस्मिथ’ अमेरिकेत १९४७ साली बाजारात आलं. एकाच मोटरवर करवत, लेथ, सँडर, उभं ड्रिल आणि आडवंही. १९५०च्या दशकात आलेलं त्याचं ‘मार्क फाइव्ह’ हे मॉडेल आजही सेकंडहँड मिळतं आणि घरच्या घरी दुरुस्तही होतं. नळ्यांवरचा गंज घासून मेण लावा, झिजलेला पट्टा बदला, पुल्यांना तेल द्या; मात्र वेगाची चकती मोटर बंद असताना फिरवू नका, आतली यंत्रणा बिघडते. खरा घोळ होतो तो ड्रिलचा बिट निवडताना. लाकडी खुंटीच्या भोकाला ब्रॅड पॉइंट घ्या. मधल्या टोकामुळे तो जागेवरून सरकत नाही. कपाटाच्या छुप्या बिजागरीला सपाट तळाचा खळगा लागतो, तिथे फोर्स्टनर; त्याचं पेटंट १८७४ सालचं. पण या यंत्राचा किमान वेग मिनिटाला सुमारे ७०० फेरे. दोन इंची फोर्स्टनरला तो जास्तच; लाकूड करपतं, बिटची धारही जाते. वेग उतरवणारी जोडणी नसेल, तर मोठा बिट घेण्याआधी खिशाला नव्हे, यंत्राला विचारा.