बी फॉर ब्लॅक!

सोमवार सकाळचा रिव्ह्यू. एसी फुल्ल, कॉफी गार आणि समोर स्लाइड नंबर २७. बारीक टायपात अठरा ओळी, आणि बोलणारा त्याच अठरा ओळी आपल्याला वाचून दाखवतोय. जसं काही आपण शाळाच पाहिलेली नाही! सीन ओळखीचा आहे ना, बॉस? आपल्या पिढीचं निम्मं करिअर पीपीटी बनवण्यात जातं आणि उरलेलं दुसऱ्यांच्या पीपीटी झेलण्यात.

खरं तर बिचाऱ्या पॉवरपॉइंटचा यात काही दोष नाही. रॉबर्ट गास्किन्स आणि डेनिस ऑस्टिन या जोडीने १९८७ साली ते मॅकिंटॉशसाठी आणलं, तेव्हा त्याचं काम होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट नीट छापून देणं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती अख्खी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला उचलली. पुढे फिरणारी अक्षरं, टाळ्यांचे आवाज, एकावर एक आपटणारे फोटो वगैरे मसाला आला आणि आपण सगळे त्याच्या प्रेमात पडलो. त्यातही नवीन काही नाही म्हणा. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांभरिक खरोलिका’ नावाने काचेवर हाताने रंगवलेल्या स्लाइड भराभर बदलून चित्रं हलवून दाखवली होती. म्हणजे ॲनिमेशनचा फंडा आपल्याकडे सिनेमाच्याही आधीचा! फरक एवढाच, की त्यांचे प्रेक्षक तिकीट काढून येत. आपले पगार घेऊन बसतात, म्हणून उठून जात नाहीत.

पण पॉवरपॉइंटमधली खरी कामाची बटणं मला चालताना दिसली ती धाडला. धाड म्हणजे आमचं आजोळ. बुलडाणा तालुक्यातलं, मराठवाड्याच्या शिवेजवळचं गाव. दोन वर्षांपूर्वी तिथल्या माझ्या मामेबहिणीच्या बचत गटाला डाळ मिल टाकायची होती. अकरा जणी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली छोटी मिल त्यांनी पाहून ठेवली होती. तूर घरची, पण ती बाजारात द्यायची आणि डाळ दुकानातून आणायची, हा उलटा धंदा त्यांना थांबवायचा होता. केंद्राच्या २०२० सालच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान होतं. मात्र ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. म्हणजे आधी मॅनेजरसाहेब पटायला हवेत. आणि त्यांनी सांगितलं होतं, “दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन आणा.”

ताईचा फोन आला. “बाबू, मले त भेवच वाटते रे. तूच येऊन बोल ना.”

“मी कशाला? मिल तुमची, बोलणार तू. मी फाइल बघतो.”

फाइल एका कॉम्प्युटर सेंटरवाल्याने करून दिली होती. २२ स्लाइड. पहिल्यावर गरगर फिरणारं सूर्यफूल (डाळ मिलला सूर्यफूल!) आणि दर क्लिकला टाळ्या. ते सगळं पाच मिनिटांत उडवलं. खरी मेख पुढे होती. माझ्या लॅपटॉपवर मराठीच्या जागी रोमन अक्षरं, डॉलर आणि टक्क्यांची चिन्हं. मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. असा फॉन्ट फक्त इंग्रजी कीच्या जागी मराठी आकार दाखवतो. समोरच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की अर्ज खलास! मंडळी, हे तुमच्याही ऑफिसात होतं. उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये आणा. मग तुमचा आवडता फॉन्ट नसला तरी मशीन दुसऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये दाखवतं, निदान वाचता येतं. वर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करून टाका. परवाना असलेले फॉन्ट फाइलबरोबर प्रवास करतात. आणि एक पीडीएफ कॉपी फोनमध्ये असू द्या, वीज आपल्याला विचारून जात नाही.

मग २२ च्या सहा स्लाइड केल्या. ताई हळहळली. “अन् सायबानं बाकीचं इचारलं त?”

याला म्हणतात लाख रुपयांचा प्रश्न. उत्तर आहे ‘हाइड स्लाइड’. डावीकडच्या यादीत स्लाइडवर राइट क्लिक करून ती लपवायची. शो चालू असताना ती येत नाही. पण तिचा नंबर टाइप करून एंटर मारलं की हजर! हिशेबाच्या चार स्लाइड आम्ही अशा मागे लपवल्या आणि ताईने त्यांचे नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. ७ म्हणजे एक क्विंटल तुरीमागे डाळ किती, चुणी किती. ८ म्हणजे विजेचं बिल. ९ म्हणजे वर्षाचं वेळापत्रक. १० म्हणजे हप्ते.

बँकेत मी मागच्या खुर्चीवर, तोंड बंद. पहिल्या दोन स्लाइडला ताई भिंतीवरच्या टीव्हीकडे बघून पुटपुटत होती. तिसरीला साहेब मोबाइल चाळायला लागले. तेव्हा तिने ‘बी’ दाबला. शो चालू असताना बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. (डब्ल्यू दाबलं तर पांढरा होतो, पण अंधाऱ्या खोलीत तो डोळ्यांवर येतो.) पडदा काळा झाल्यावर साहेबांना बघायला ताईशिवाय काही उरलं नाही. आणि ताईलाही साहेबांशिवाय! मग मात्र ती सुटली. गावात तूर कुणाकडे किती निघते, कोण घरी भरडतं, कोण कुणाला काय भावाने देतं... पाच मिनिटं नॉनस्टॉप.

साहेबांनी फोन उलटा ठेवला. “ताई, तुरीचा हंगाम संपला की मिल काय करणार? गंजणार?”

ताईने पुठ्ठा बघितला. ९, एंटर. उन्हाळ्यात हरभरा, पावसाळा सरता सरता मूग-उडीद, पुढे पुन्हा तूर. साहेब खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी स्वतःहून हप्त्यांचं विचारलं. १०, एंटर.

अर्थात फाइल लगेच पास वगैरे झाली नाही. तीन चकरा आणि दोन दाखले झाले. कर्ज मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं, बाकीचं अकरा जणींनी घातलं. पण तुरीच्या पुढच्या हंगामात मिल सुरू झाली, आणि माझ्या पुण्याच्या किचनमध्ये आता डब्यावर धाडचं लेबल आहे.

परवा ताईचा व्हॉट्सॲप. तालुक्याला दुसऱ्या गटांसमोर बोलायला बोलावलंय, स्लाइड किती ठेवू? मी लिहिलं, सहा.

दोन मिनिटांत रिप्लाय आला. “चारच केल्या. बाकी बी.”