गुणवत्तेचे दार आणि द्वारपाल

१/ विद्यापीठांतील सन्मान-संस्थांविषयी एक समज ठाण मांडून बसला आहे: तेथे वर्ण, लिंग, देश यांपैकी काहीही पाहिले जात नाही, पाहिली जाते ती केवळ गुणवत्ता. समज गोड आहे. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

२/ अमेरिकेतील ‘फाय बीटा कॅपा’ ही अशा संस्थांमधील सर्वांत जुनी. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ती स्थापन केली. ज्ञानप्रेम हेच जीवनाचे सुकाणू, असे तिचे ब्रीद. त्या सुकाणूला स्त्रीचा हात लागण्यास मात्र १८७५ साल उजाडावे लागले. मधल्या शतकात बुद्धिमान स्त्रिया जन्मल्याच नव्हत्या काय?

३/ ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर ठरलेले. पण १८७५ मध्ये स्त्रियांना प्रथम सदस्यत्व देणाऱ्या व्हर्मांट विद्यापीठाच्या शाखेनेच १८७७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन यांचीही निवड केली. काळ तोच, संस्था तीच; द्वारपाल तेवढे निराळे. म्हणजे दोष काळाचा नव्हे, निर्णयाचा होता.

४/ १९०७ मध्ये अ‍ॅलेन लॉक हार्वर्डमध्ये याच संस्थेचे सदस्य झाले आणि ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकनही ठरले. तरीही ऑक्सफर्डच्या अनेक महाविद्यालयांनी त्यांना नाकारले. अखेर हर्टफर्डने प्रवेश दिला. पुढचा कृष्णवर्णीय अमेरिकन ऱ्होड्स विद्यार्थी निवडला जाण्यास १९६० चे दशक यावे लागले.

५/ लॉक पुढे कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागले. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाला फाय बीटा कॅपाची शाखा मिळाली ती १९५३ मध्ये, तीही लॉक यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांमुळे. एका व्यक्तीची गुणवत्ता १९०७ मध्ये मान्य झाली. तिच्या विद्यार्थ्यांची मान्य होण्यास आणखी ४६ वर्षे लागली. निवडक अपवादाचा सत्कार करणे सोपे असते. त्याच्यामागे उभ्या असलेल्या रांगेला आत घेणे कठीण.

६/ १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे आंतरराष्ट्रीय विद्वत्तेच्या गौरवासाठी ‘फाय बीटा डेल्टा’ स्थापन झाली. परदेशी आणि स्थानिक अभ्यासकांना एकाच पंक्तीत बसवण्याचा तिचा हेतू स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क आणि व्हिसा यांचे उंबरठे ओलांडून आलेल्यांचाच सन्मान कोणतीही संस्था करू शकते. उंबरठ्यापलीकडेच अडलेल्यांची गणती कोणत्याही सदस्ययादीत होत नाही.

७/ म्हणून सन्मान-संस्थेचे मोल ठरवताना तिने कोणाला पदक दिले, एवढेच पाहू नये. दार कोणासाठी, किती काळ बंद होते आणि ते कोणी उघडले, हेही विचारावे. इतिहासाच्या अभ्यासकाने सदस्ययादीइतकेच तिच्यातील रिकाम्या जागाही वाचायला शिकले पाहिजे.