फिशटँक सजवण्याआधी हात कुठवर पोचतो ते पाहावे

चार फुटी फिशटँक घरी आला की पाठोपाठ दुकानातून पिशवीभर सामान येते. रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडे, पडका किल्ला, झाकण उघडमिट करणारी खजिन्याची पेटी. दोन महिने पाहुणे कौतुक करतात. मग काचेवर हिरवा थर चढतो, खड्यांत काळा गाळ बसतो, किल्ल्याच्या पोटातून कुबट वास येऊ लागतो आणि सफाईचे काम घरात एकमेकांवर ढकलले जाते. दोष आळसाला दिला जातो. बहुतेक घरांत तो सजावटीचा असतो.

मोठा टँक ही काही हलवून धुवायची वस्तू नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे 250 लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन अडीचशे किलो. तो आहे तिथेच, माशांसकट, हात आत घालून साफ करावा लागतो. त्यामुळे सजावट कशी दिसेल याआधी हात कुठवर पोचेल आणि तिथे त्याला काय लागेल, हे पाहिले पाहिजे.

हाताचा मुद्दा किरकोळ नाही. टोकदार दगडावर बोट खरचटते, कोणी लक्ष देत नाही. दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून बऱ्याच उशिरा, तिथे लालसर-जांभळी गाठ येते. दुखत फारशी नाही, पण जातही नाही. काहींमध्ये मनगटापासून कोपराकडे एका ओळीत आणखी गाठी उठतात. हा क्षयरोगाच्या जंतूचा पाण्यातला नातेवाईक, मायकोबॅक्टेरियम मरायनम. 1926 साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत तो प्रथम सापडला. माणसाच्या त्वचेवरचे त्याचे दुखणे 1951 मध्ये स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावाच्या संदर्भात वर्णिले गेले. त्याला 30 अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. शरीराच्या आतली 37 अंशांची ऊब त्याला सोसत नाही, म्हणून तो हातापायांच्या त्वचेवरच ठाण मांडतो. खोलवर गेला तर बोटांचे स्नायुबंध आणि सांधेही धरतो.

आजार दुर्मीळ आहे, घाबरून टँक विकायचे कारण नाही. पण निदानाला महिने लागतात. गाठीला कधी चामखीळ म्हटले जाते, कधी संधिवात समजून तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, त्याने ती आणखी बळावते. ‘घरी मासे आहेत का?’ हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्णाला तो सांगण्यासारखा वाटत नाही. तुकडा तपासायला पाठवताना प्रयोगशाळेला संशय कळवावा लागतो, कारण नेहमीच्या 37 अंशांवर हा जंतू नीट वाढत नाही. निदान झाल्यावर औषधे काही महिने चालतात. एवढ्या खटाटोपापेक्षा गोल दगड घेतलेला बरा.

तळाची वाळू किंवा बारीक खडी एक-दीड इंचापेक्षा जास्त नको. तीन-चार इंचांच्या थरात खालचा गाळ सायफनच्या नळीला येतच नाही, तिथेच कुजतो. दगड, लाकूड काहीही असो, सगळ्या काचांपासून तीन-चार इंच मोकळी जागा हवी, म्हणजे चुंबकाची घासणी अडत नाही. दहा छोट्या वस्तूंपेक्षा एका हाताने उचलता येईल असे एकच मोठे लाकूड शोभतेही आणि धुताही येते. पोकळ मूर्ती तर घेऊच नये. आत घाण साठते आणि मेलेला मासा आठवडाभर सापडत नाही. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आला तर तो चुनखडीचा, तो पाण्याचा जडपणा वाढवतो. झाडे खडीत रोवण्याऐवजी छोट्या मातीच्या कुंड्यांत लावली की सफाईच्या दिवशी कुंडी उचलून बाजूला ठेवता येते.

टँक खिडकीच्या उन्हात ठेवला आणि वरचा दिवा दिवसभर चालू राहिला, तर शेवाळ हटणार नाही. सहा ते आठ तास दिवा पुरतो. शेवाळ खाईल म्हणून आणलेला सकर मासा स्वतः फूटभर वाढतो आणि शेवाळापेक्षा जास्त विष्ठा करतो, हे दुकानात सहसा सांगितले जात नाही.

सगळे रिकामे करून साबणाने घासणे ही आपल्याकडची आवडती सफाई, आणि माशांच्या मरणाचे नेहमीचे कारण. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने सौम्य असे नायट्रेट करणारे जीवाणू खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहतात. साबणाने किंवा नळाच्या क्लोरीनने ते मरतात. आठ-पंधरा दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलावे आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळी तोंडाने ओढून पाणी सुरू करण्याची पद्धत बंद व्हायला हवी. त्या पाण्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, आणि ती बादली स्वयंपाकघराच्या सिंकमध्येही धुवू नये. हात घालण्यापूर्वी हीटर, पंप, दिवा या सगळ्यांचे प्लग काढावेत.

हातावर जखम असेल त्या दिवशी सफाई नको. संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी हे काम घरातल्या दुसऱ्यावर सोपवावे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या दर्शनी टँकची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा बाहेरून मुलगा येतो आणि दिवसभरात अनेक टँकमध्ये उघडा हात खांद्यापर्यंत घालतो. कोपराच्या वर येणारे रबरी मोजे त्याला टँकच्या मालकाने विकत घेऊन द्यावेत. खजिन्याच्या पेटीवर खर्च केलेलाच असतो.